सँटोरिनीतील एक दिवस

एजियन समुद्रातील सँटोरिनी हे ग्रीक बेट म्हणजे एका प्राचीन ज्वालामुखीचा उरलेला काठ. जहाजाने येणाऱ्यांच्या वाट्याला ते बहुधा एकच दिवस येते. साठी ओलांडलेले पुण्याचे एक दांपत्य असेच सकाळी जुन्या बंदरात उतरले. कड्याच्या माथ्यावरील फिरा गाव तेथून दोनशेहून अधिक मीटर उंचीवर आहे. वर जाण्याचे मार्ग तीन : जवळजवळ सहाशे पायऱ्या, गाढवे-खेचरे किंवा रज्जुमार्ग.

बाईंच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपण्यासारख्या नव्हत्या. खेचरवाल्याने बोलावले, त्यांनी हात जोडून नकार दिला. जनावराच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून किंवा १०० किलोंहून अधिक भार त्याच्यावर लादू नये, असा नियम ग्रीसने २०१८ मध्ये केला आहे. परंतु नियमात बसणारे ओझेही अखेर ओझेच. रज्जुमार्गाचा प्रवास अवघ्या तीन मिनिटांचा. रांगेत मात्र तास गेला.

त्या तासाने दिवसाचा हिशेब बदलला. निळ्या घुमटांचे इया गाव बेटाच्या उत्तर टोकाला, आक्रोतिरीचे उत्खनन दक्षिणेला. दोन्ही साधणे आता अशक्य होते. गृहस्थांचे मन इयाकडे ओढत होते. "घुमट चित्रांत पुष्कळदा पाहिले आहेत," असे म्हणून बाईंनी आक्रोतिरीची बस धरली. गृहस्थ काहीसे नाराजीनेच मागोमाग चढले.

इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांच्या सुमारास झालेल्या उद्रेकात हे नगर राखेखाली गेले. १९६७ मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस यांनी येथे पद्धतशीर उत्खनन सुरू केले. दुमजली-तिमजली घरे, सांडपाण्याची गटारे, धान्याचे रांजण आजही जागच्या जागी आहेत. मात्र गाडल्या गेलेल्या माणसांचे सांगाडे सापडले नाहीत आणि मौल्यवान वस्तूही फारच थोड्या. भूकंपाची चाहूल ओळखून लोक वेळीच बाहेर पडले असावेत, असे अभ्यासक मानतात. रांजणांपुढे गृहस्थ बराच वेळ उभे राहिले. "भरले घर सोडून निघाले, म्हणून वाचले," एवढेच ते म्हणाले.

दुपारी दोघांनी 'फावा' मागवला. सिंचनाविना पिकणाऱ्या स्थानिक पिवळ्या डाळीचा हा पदार्थ आपल्या घट्ट वरणासारखा असतो. वर कच्चा कांदा घालू नये, एवढे आधी सांगावे लागते.

एका दिवसात सारे बेट पाहून होत नाही. काय वगळायचे हे सकाळीच ठरवून घ्यावे आणि परतीच्या रांगेसाठी तासभर राखून ठेवावा, हे जाणाऱ्यांच्या हिताचे.