किशोरवयीनांच्या शारीरिक सक्रियतेतील लिंगभाव व आर्थिक विषमता : विशेष संदर्भ वरोरा परिसर

प्रस्तावना :
शारीरिक सक्रियता म्हणजे केवळ खेळ वा व्यायाम नव्हे. ऊर्जा खर्च होणारी शरीराची प्रत्येक हालचाल तिच्यात अंतर्भूत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटाने दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करणे अपेक्षित आहे. १४६ देशांच्या अभ्यासात २०१६ मध्ये ११ ते १७ वयोगटातील ७८ टक्के मुलगे व ८५ टक्के मुली या निकषास उतरल्या नाहीत. भारतात मुलींची स्थिती तुलनेने बरी दिसली. घरकामाचा वाढता भार हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले गेले.

विषमतेचे स्वरूप :
येथेच आकडेवारीची मर्यादा स्पष्ट होते. वरोरा परिसरातील शेतमजूर कुटुंबातील मुलगी पाणी भरते, सरपण आणते, कापूस वेचते. पूर्वेकडील वनपट्ट्यात मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्याचे काम त्यात वाढते. सर्वेक्षणात ती 'सक्रिय' ठरते, परंतु हे श्रम तिने निवडलेले नसतात. शहरातील सुस्थित कुटुंबातील मुलीला असे कष्ट नसतात. मात्र शिकवणी वर्ग, वाहनाने होणारी ये-जा आणि सायंकाळी बाहेर राहण्यावरील बंधने यांमुळे तीही मैदानापासून दूर राहते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या ६ वर्षांवरील स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देतात. खेळासाठी मुलाला मिळणारा वेळ याच फरकातून निर्माण होतो.

संधीचे महत्त्व :
मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' उपक्रमांतर्गत चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले; त्यांत मनीषा धुर्वे ही विद्यार्थिनी होती. निवड, प्रशिक्षण व साधने शासनाने पुरविल्यावर गरिबी वा लिंगभाव अडसर ठरला नाही, हे यातून दिसते. मात्र मोजक्यांच्या यशाने सर्वांना दररोज खेळायला मिळत नाही.

निष्कर्ष :
किशोरवयीनांची पाहणी करताना श्रम, प्रवास व खेळ यांची मिनिटे स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक आहे. महाविद्यालयांनी मुलींसाठी तासिकांच्या वेळेतच मैदान राखून ठेवल्यास घरकामाआधीचा वेळ त्यांच्या वाट्याला येईल. अन्यथा कष्टालाच व्यायाम समजण्याची चूक कायम राहील.