ग्रामीण बँक : जिल्ह्याकडून राज्याकडे

गावाची पत : लेखांक ७

मागच्या दोन लेखांत आपण विकास सोसायटी आणि जिल्हा मध्यवर्ती बँक यांचे नाते पाहिले. सोसायटीचा सभासद नसलेला किंवा तिथे थकीत असलेला शेतकरी मग जातो कुठे? मराठवाड्यात, विदर्भात याचे एक उत्तर ठरलेले असते : ‘ग्रामीण’मध्ये. आजचा लेख या ग्रामीण बँकेविषयी.

१९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, खेड्यांत शाखाही निघाल्या; पण शहरी बँकेचा खर्च आणि शहरी कार्यपद्धती छोट्या शेतकऱ्याला पेलणारी नव्हती. सहकारी बँक गावाला ओळखत होती, पण तिच्याजवळ पैसा अपुरा होता. १९७५ मध्ये एम. नरसिंहम यांच्या अध्यक्षतेखालील गटाने दोन्हींचे गुण एकत्र आणणारी बँक सुचवली. २६ सप्टेंबरला अध्यादेश निघाला आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात पहिल्या पाच ग्रामीण बँका सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक उभी राहिली. तिची पुरस्कर्ती होती बँक ऑफ महाराष्ट्र.

मालकीची रचना तेव्हाच ठरली : केंद्र सरकार ५० टक्के, राज्य सरकार १५ टक्के, पुरस्कर्ती बँक ३५ टक्के. प्रत्येक बँकेला एक-दोन किंवा मोजके जिल्हे नेमून दिले. कर्ज द्यायचे ते अल्पभूधारक, शेतमजूर, कारागीर अशा दुर्बल घटकांनाच.

या मर्यादेत बँकेचे बळ होते आणि दुखणेही. बळ हे की, शाखाधिकाऱ्याला शिवार माहीत असे. कोणाच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकते, कोणाचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, कोणत्या घरात फेरफाराचा वाद आहे, हे त्याला कागद उघडण्याआधी ठाऊक असे. दुखणे हे की, एका पट्ट्यात पाऊस चुकला की बँकेचे जवळजवळ सगळेच कर्जदार एकाच वर्षी अडचणीत येत. कर्जे लहान, म्हणून प्रत्येक खात्यामागचा खर्च मोठा. त्यातच लवादाच्या निवाड्याने कर्मचाऱ्यांना पुरस्कर्त्या बँकेइतके वेतन मिळाले. ते न्याय्यच होते, पण कमी खर्चाची बँक हा मूळ हिशेब तिथे मोडला. १९९० नंतर इतर ग्राहकांनाही कर्ज देण्याची मुभा मिळाली, सरकारने नवे भांडवल घातले आणि २००५ पासून विलीनीकरण सुरू झाले. एके काळी देशात १९६ ग्रामीण बँका होत्या. १ मे २०२५ रोजी त्या २८ उरल्या. त्याच दिवशी महाराष्ट्र ग्रामीण बँक (नांदेडची मराठवाडा ग्रामीण बँक आधीच हिच्यात सामावली होती) आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक एक झाल्या. मुख्यालय छत्रपती संभाजीनगर, पुरस्कर्ती बँक ऑफ महाराष्ट्रच.

याचा मोठा फायदा जोखीम वाटली जाण्यात आहे. मराठवाड्यातले सोयाबीन गेले, तरी कोकणातला आंबा आणि भंडाऱ्याचा भात त्याच वर्षी जाईलच असे नाही. एका बँकेच्या वहीत तिन्ही असले की एका दुष्काळाने बँक आडवी होत नाही.

आता शाखेत काय चालते ते पाहू. ठेवी येतात त्या शिक्षकांच्या पगारातून, पेन्शनमधून, बचत गटांच्या मासिक बचतीतून. त्यातून आणि नाबार्डच्या पुनर्वित्तातून कर्ज दिले जाते. एकूण कर्जाच्या ७५ टक्के रक्कम अग्रक्रम क्षेत्राला देणे ग्रामीण बँकेला बंधनकारक आहे. पीककर्जासाठी सातबारा, आठ-अ आणि इतर बँकांचे बेबाकी दाखले लागतात. कोणत्या पिकाला एकरी किती रक्कम, हे जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा व्याजदर ७ टक्के. मुदतीत फेडले तर केंद्राची ३ टक्के सवलत, आणि त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आणखी सवलत देते.

म्हणूनच मार्चअखेरीस ‘नवं-जुनं’ होते. शेतकरी चार-आठ दिवसांसाठी सावकाराकडून किंवा अडत्याकडून रक्कम उचलतो, जुने कर्ज भरतो, नवे मंजूर करून घेतो आणि हातउसने परत करतो. खाते नियमित दिसते, व्याज सवलत टिकते, शाखेची वसुलीही चांगली दिसते. पण पीक हाती लागले की नाही, हे त्या कागदावर कुठेच उमटत नाही. अडचण वर्षानुवर्षे पुढे सरकत राहते आणि एके दिवशी थकबाकी होऊन समोर येते.

खरे तर यासाठी सरळ वाट आहे. नैसर्गिक आपत्तीत पीक बुडाल्याचे सरकारने जाहीर केले की पीककर्जाचे पुनर्गठन करून हप्ते पाडता येतात. त्यासाठी शाखाधिकाऱ्याने शेतकऱ्याला बोलावून हे समजावले पाहिजे. ते कोण करेल? जो शेतकऱ्याला ओळखतो, तोच. दर तीन वर्षांनी बदलणारा आणि सगळे प्रस्ताव विभागीय कार्यालयाकडे पाठवणारा अधिकारी नवं-जुनंच करून घेणार, कारण त्याच्यासाठी तेच सुरक्षित आहे.

मला या विलीनीकरणाचे मोल इथे जोखावेसे वाटते. भांडवल, संगणकप्रणाली आणि जोखीम राज्यभर पसरू द्यावी. त्यात शेतकऱ्याचे भलेच आहे. कर्जमंजुरीचा आणि पुनर्गठनाचा अधिकार मात्र शाखेच्या टेबलावरच राहिला पाहिजे, आणि अधिकाऱ्याचे काम मार्चच्या वसुलीवर नव्हे, तर तीन-चार हंगामांच्या परतफेडीवर मोजले पाहिजे. १९७५ मध्ये या बँका काढल्या त्या याच जवळिकीसाठी. ती गेली, तर ग्रामीण बँक ही आणखी एक सरकारी बँक उरेल, आणि तशा बँका तालुक्याच्या ठिकाणी आधीच आहेत.

पुढच्या लेखात : बचत गटांची कर्जे कशी चालतात, आणि तारणाशिवाय दिलेला पैसा परत येण्यामागे बायकांची कोणती व्यवस्था उभी असते.