शॉकअप गळतो तेव्हा

वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील इंझोरीच्या परिसरात काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरून जाणाऱ्या रस्त्यावर काही वर्षांत लाटांसारखे चढउतार तयार होतात. अशा रस्त्यावर मोटारीचा जो भाग सतत राबत असतो, त्याला गॅरेजमध्ये ‘शॉकअप’ म्हणतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे त्याचे पूर्ण नाव. तो गळू लागला तर काय होते आणि काय करावे, हे येथे पाहू.

मुळात हे नाव थोडे फसवे आहे. धक्का झेलण्याचे काम स्प्रिंग करते. झेललेली ऊर्जा स्प्रिंगमध्ये साठते आणि गाडी वरखाली झुलू लागते. हे झुलणे थांबवणे हे शॉकअपचे काम. समजा, एका चाकावर गाडीचे २५० किलोग्रॅम वस्तुमान आहे आणि स्प्रिंग १ सेंटिमीटर दाबण्यास २०० न्यूटन बल लागते. गणित केल्यास गाडी सेकंदाला सुमारे १.४ वेळा झुलेल, असे उत्तर येते. आता ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. म्हणजे रस्त्यावरील उंचवटे साधारण ८ मीटर अंतरावर असले, तर प्रत्येक उंचवटा झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्यासारखा काम करतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. शॉकअप नसेल, तर झोका वाढतच जाईल.

शॉकअपच्या नळीत तेल असते आणि तेलात एक दट्ट्या सरकतो. दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. तेल त्यांतून जबरदस्तीने जाताना विरोध निर्माण होतो व झुलण्याच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. वरील स्प्रिंग ५ सेंटिमीटर दबली, तर तिच्यात २५ ज्यूल ऊर्जा साठते. ही ऊर्जा दर वेळी तेलातच जिरवावी लागते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप कोमट लागतो. निकामी शॉकअप मात्र त्या मानाने थंड राहतो.

दट्ट्याचा चकचकीत दांडा नळीतून जेथे बाहेर येतो, तेथे रबरी सील असते. दांड्यावर धूळ व चिखल बसून ओरखडे पडले किंवा गंज चढला, की हे सील झिजते व तेल बाहेर येते. तेलाची जागा हवा घेते, तेलाला फेस येतो आणि विरोध कमी होतो. मग उंचवट्यानंतर चाक जमिनीवर नीट टेकत नाही. जेवढा वेळ टायर जमिनीला घट्ट धरत नाही, तेवढा वेळ ब्रेकचा उपयोगही पूर्ण होत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तो वाशीम जिल्ह्यातून जातो. गावच्या रस्त्यावर हळू चालताना लक्षात न आलेला दोष अशा वेगवान रस्त्यावर जिवावर बेतू शकतो.

दोष ओळखावा कसा? शॉकअपवर तेलाचा पुसट ओलावा असणे हा दोष नाही. दांड्यावर तेलाचा पातळ थर राहतोच. पण नळीवरून ओघळ आले असतील व त्यावर धूळ चिकटली असेल, तर ती गळती होय. तेल ब्रेकचे किंवा इंजिनचेही असू शकते. म्हणून भाग पुसून कोरडा करावा, काही दिवस गाडी चालवावी व पुन्हा पाहावे. गाडीचा एक कोपरा दोन-तीनदा जोराने दाबून सोडावा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली नाही, झुलत राहिली, तर शॉकअप निकामी आहे. मात्र अर्धवट बिघडलेला शॉकअप या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकतो. टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज दिसणे हीही एक खूण आहे.

शॉकअप बदलताना एका आसाचे दोन्ही बदलावेत. एक नवा व एक जुना असला, तर दोन्ही बाजूंचा विरोध असमान होतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड लावावेतच. पुष्कळ मोटारींत पुढचा शॉकअप स्प्रिंगच्या आत बसवलेला असतो. दाबलेली स्प्रिंग सुटली, तर प्राणघातक इजा होऊ शकते, म्हणून हे काम योग्य अवजार असलेल्या कारागिरानेच करावे. नवा दांडा पक्कडीने धरू नये, कारण त्यावर पडलेला ओरखडा सील पुन्हा झिजवतो. रबरी बुशचे बोल्ट चाके जमिनीवर टेकवून, गाडीचा भार पडल्यावर शेवटचे आवळावेत. तसे न केल्यास रबर कायम पिळलेले राहते व लवकर फाटते. पुढचे शॉकअप बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यावी. जुने तेल शेतात किंवा नाल्यात ओतू नये.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. स्प्रिंगला वजन टांगून झोका द्या व थांबेपर्यंत किती झोके होतात ते मोजा. मग वजनाखाली पत्र्याची छोटी चकती लावून ती पाण्यात बुडू द्या, नंतर गोडेतेलात. झोके किती कमी झाले? तेलाचे भांडे अर्धे रिकामे करून चकती तेलातून वर आली, तर काय होते? गळक्या शॉकअपचा धोका विद्यार्थ्यांना या शेवटच्या मोजणीतून आपोआप कळेल.