साहेब आले, साहेब गेले, शेरेबुकात काय राहिलं?

धाकट्या भावाच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप तुमच्याच फोनवर आहे ना? बिरवाडीत बऱ्याच घरांत तो दादाच्या नाहीतर ताईच्या फोनवर असतो. आईकडे साधा फोन, बाबा एमआयडीसीत शिफ्टला. मग रात्री मेसेज पडतो, ‘उद्या शाळा तपासणी. स्वच्छ गणवेश, नखं कापलेली, वह्या पूर्ण. पालकांनी ११ वाजता उपस्थित राहावे.’ तुम्ही आईला वाचून दाखवता, धाकट्याला ओरडून वह्या काढायला लावता. संपला विषय.

दुसऱ्या दिवशी साहेब येतात. आजोबांच्या पिढीत त्यांना दिपोटी म्हणायचे आणि ते येणार म्हटलं की शाळा सारवून निघायची. आता सारवण गेलं, तक्ते आणि रांगोळी आली. धाकधूक मात्र तीच. साहेब एकदोघांना धडा वाचायला लावतात, पोषण आहाराचा तांदूळ बघतात, हजेरीपट चाळतात. निघता निघता पालकांकडे वळून विचारतात, “काय, शाळेबद्दल काही अडचण?”

आणि कालच नळावर तासभर शाळेवर बोललेल्या सगळ्या बाया एका सुरात म्हणतात, “नाही साहेब, सगळं बरं आहे.”

चहा होतो. साहेब पुढच्या शाळेत.

घरी आल्यावर तुम्ही आईवर चिडता. एवढी संधी होती, बोललीस का नाही? पण थांबा जरा. ती गप्प राहिली याला कारणं आहेत आणि ती काही खुळी कारणं नाहीत. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते गुरुजी समोरच्याच खुर्चीत बसलेले. शाळा व्यवस्थापन समितीचे सचिवही मुख्याध्यापकच. आणि उद्या सकाळी आपलं पोर त्याच वर्गात बसणार. राग निघालाच तर त्याच्यावर निघेल, असं तिला वाटतं. तिचा अंदाज चुकीचाही असेल, पण पोराच्या जिवावर तो तपासून कोण बघणार?

वरच्या वाड्यांमध्ये तर आणखी एक भीती. महाड-पोलादपूरच्या डोंगरातली निम्मी घरं मुंबईला गेलेली, शाळेत उरलेली पोरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हापासून तिथे तक्रार हा शब्दच नको झालाय. बोलायला गेलो आणि शाळाच उचलून दुसरीकडे नेली तर?

तरीही काही गोष्टी अशा असतात की त्या पालकांनी सांगितल्याशिवाय साहेबांना दिसणारच नाहीत. मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप त्या दिवशी उघडंच असतं. टाकीत पाणी असतं. दोन वर्ग एकत्र बसवून एकच बाई शिकवतात, हे त्या दिवशी नेमकं घडत नाही. आणि आपल्या भागात यापलीकडचंही एक आहे. तपासणी अशा दिवशी होते, जेव्हा काळ नदी गपचूप वाहत असते. २२ जुलै २०२१ ला तिने आणि सावित्रीने काय केलं, ते तुम्ही पाहिलंय. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. ३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन ११ कामगार गेले. तो शुक्रवार होता, सकाळची वेळ.

आता सांगा, तुमच्या धाकट्याच्या शाळेला माहीत आहे का, की असा भोंगा वाजला तर पहिलीतल्या पोरांना कुठे न्यायचं? वर्गात दारं-खिडक्या लावून बसवायचं की बाहेर काढायचं? पाणी चढलं तर पालकांना फोन कोण करणार, आणि रेंज गेली तर? हजेरीपट चाळून याचं उत्तर मिळत नाही. हा प्रश्न बिरवाडीच्या पालकालाच सुचणार, कारण त्याचा अर्धा जीव कारखान्यात आणि अर्धा शाळेत असतो.

न ऐकलेल्या पालकांचं काय होतं, हे बदलापूरने दाखवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाले. पालकांना आधी शाळेत, मग पोलीस ठाण्यात तिष्ठावं लागलं आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सखी सावित्री समिती, सगळं त्यात होतं. यातल्या काही गोष्टी कागदावर आधीपासूनच होत्या, सखी सावित्री समितीचा निर्णय तर मार्च २०२२ चा. आहे की नाही हे विचारायला मात्र कुणी जात नव्हतं.

मग आईने भर सभेत उभं राहून बोलावं का? माझं मत विचाराल तर नको. तोंडी बोललेलं साहेबांच्या गाडीबरोबर जातं आणि वाईटपणा तेवढा घरी राहतो. हे काम कागदाचं आहे. आणि घरात अर्ज लिहिता येणारे तुम्ही आहात.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. तुमची आई समितीवर असेल तर ती नुसती सही करायला नाही. पुढच्या मासिक बैठकीत तिचा मुद्दा इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. तिथे ‘अमुक पालकाची तक्रार’ राहत नाही, तो समितीचा मुद्दा होतो. एकट्या बाईवरचं ओझं उतरतं. साहेब आले की त्यांच्यापुढे इतिवृत्त ठेवायचं आणि शेरेबुकात त्याची नोंद करा म्हणायचं, बस्स. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत ही समिती नसते, तिथे पालक-शिक्षक संघ असतो. मार्ग तोच.

तेवढ्याने हललं नाही तर याच कायद्याचं कलम ३२ आहे. पहिली ते आठवीच्या मुलाच्या हक्काबद्दल कुणीही लेखी तक्रार करू शकतं, आपल्याकडे ती जिल्हा परिषदेकडे. निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. आधीच्या तपासणीचा अहवाल बघायचाय? दहा रुपयांत माहितीचा अधिकार. शाळेने स्वतःबद्दल काय भरलंय हे तर फोनवरच दिसतं. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक २७ ने सुरू होतो, तो टाका. स्वच्छतागृह, पाणी, वीज, शिक्षक, सगळं येईल. जे भरलंय आणि जे आहे, त्यात फरक दिसला तर तुमचा अर्ज अर्धा लिहून झालाच म्हणा.

इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही यंत्रणा शाळा तपासते. तपासणी ठरली की पालकांना कळवतात आणि त्यांची मतं ऑनलाइन घेतात, म्हणजे कुणाला गुरुजींच्या तोंडावर बोलावं लागत नाही. आपल्याकडे असं व्हावं, पण तोवर समितीच्या वहीवर भागवू.

आणि एक गोष्ट, जी ग्रुपवर कुणी लिहीत नाही. पुष्कळदा मुख्याध्यापकांनाच हे हवं असतं. गळक्या छपराबद्दल त्यांनी पंचायत समितीला तीनदा लिहिलेलं असतं, उत्तर आलेलं नसतं. पालकांच्या सह्यांचा कागद सोबत गेला तर त्यांच्या पत्राला वजन येतं. म्हणून अर्ज लिहिण्याआधी एकदा त्यांच्याकडे जाऊन बसा. “सर, आम्ही असं लिहितोय, तुमचं काय?” एवढं विचारा. कदाचित तेच ड्रॉवरमधून जुन्या पत्रांच्या प्रती काढून देतील.

अर्ज छोटा ठेवा. काय नाही, कधीपासून नाही, किती मुलांना त्रास, काय करून हवंय. रागाची वाक्यं खोडून टाका, तारखा राहू द्या. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. कारकून “ठेवून जा, बघतो” म्हणाला तरी पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तीन महिने त्याच तारखेपासून मोजायचे आहेत.