वाकोल्याच्या गच्चीवर पवनचक्की?

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'पवनचक्की'तली वेलांटी पहिली की दुसरी, हे मी आजीला विचारून घेतलं आहे. बाकीच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. पण हा लेख मराठीतच लिहायचा असं ठरवलं होतं, कारण ज्या वादातून तो निघाला, तो आमच्या घरात मराठीतच झाला!

आमची सोसायटी वाकोल्याला. तळमजला अधिक चार मजले, चोवीस बिऱ्हाडं, आणि सेक्रेटरी माझे बाबा. मार्च महिन्यात एक विक्रेता आला. गच्चीवर एक-एक किलोवॅटच्या दोन पवनचक्क्या, बॅटरी आणि इन्व्हर्टरसकट साडेतीन लाख रुपये. पैसे पाच वर्षांत वसूल! रिपेअर फंडात साधारण तेवढेच पैसे होते. बाबा एकदम खूश.

बाबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. एक तर आमच्या गच्चीवर वारा आहेच. आजीची वाळत घातलेली साडी दोनदा शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन आली आहे. दुसरं म्हणजे पावसाळ्यात ऊन नसतं, पण वारा असतो. म्हणजे सोलर जिथे कमी पडेल तिथे पवनचक्की कामाला येईल. आणि तिसरं कारण बाबा फारसं बोलून दाखवत नाहीत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाकोला नाला कुठे आणि रस्ता कुठे, कळत नव्हतं. माझा जन्म तेव्हा झालेला नव्हता. आई सांगते, तीन दिवस लाईट नव्हते. वरच्या टाकीतलं पाणी संपलं, पंप बंद, आणि आजोबा आजारी. तेव्हापासून 'आपली स्वतःची वीज' हे बाबांच्या डोक्यात आहे.

बाबा म्हणाले, "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग मीटिंगमध्ये तूच समजावून सांग सगळ्यांना." मी हो म्हटलं. आणि मग गणित करायला बसले...

थोडंसं गणित (घाबरू नका!)

वाऱ्यातली शक्ती तीन गोष्टींवर ठरते: हवेची घनता, पाती फिरताना जे वर्तुळ होतं त्याचं क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग. यातली खरी मेख वेगात आहे, कारण त्याचा घन घ्यावा लागतो. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. पण वेग निम्मा झाला तर शक्ती एकदम आठव्या हिश्श्यावर!

शिवाय ही सगळी शक्ती आपल्याला मिळत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं, की कितीही चांगली पवनचक्की केली तरी वाऱ्यातली 59.3 टक्क्यांपेक्षा जास्त शक्ती काढता येत नाही. का? सांताक्रूझ स्टेशनला लोकलमधून उतरलेला माणूस दारासमोरच उभा राहिला, तर मागचे उतरणार कसे? तसंच वाऱ्याचं. पात्यांनी त्याची सगळी शक्ती काढली तर तो मागे साचून राहील आणि नवीन वारा येणारच नाही. लहान पवनचक्कीत जनरेटर, वायरिंग, इन्व्हर्टर यांचे तोटे धरले तर हातात साधारण पाव हिस्सा येतो.

विक्रेत्याच्या कागदावर पात्यांचा व्यास 2 मीटर होता, म्हणजे क्षेत्रफळ 3.14 चौरस मीटर. आणि 'एक किलोवॅट' कधी, तर वारा सेकंदाला 12 मीटर असेल तेव्हा! म्हणजे ताशी 43 किलोमीटर. हे बारीक अक्षरात होतं. अशा वाऱ्यात आजीची साडी शेजारी थांबणार नाही, थेट कलिनाला जाईल.

गच्चीवरचा वारा

मग मी मेकॅनिकलच्या लॅबमधून अ‍ॅनिमोमीटर मागून आणला आणि एप्रिल-मे असे पंचेचाळीस दिवस गच्चीवर सकाळ, दुपार, रात्र वारा मोजला. सकाळी सातला जेमतेम 1 ते दीड मीटर. दुपारी चारला समुद्रावरून वारा सुटतो तेव्हा 4 ते 5, क्वचित 6. रात्री पुन्हा 2 च्या आसपास.

आता आपण उदार होऊ या. समजा रोज सहा तास 6 मीटरचा वारा वाहतो, तोही वर्षभर. तेव्हा वाऱ्यात सुमारे 400 वॉट आहेत, हातात येतात 100. सहा तासांचे 600 वॉट-तास, म्हणजे 0.6 युनिट. उरलेले अठरा तास 2 मीटर, आणि अशा पवनचक्कीची पाती साधारण 3 मीटरखाली कामाची फिरतच नाहीत. दोन चक्क्यांचे मिळून दिवसाला 1.2 युनिट, वर्षाला 438. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला साधारण चार हजार चारशे रुपये. साडेतीन लाख वसूल व्हायला ऐंशी वर्षं! बॅटरी तोपर्यंत किती वेळा बदलायची, ते मी मोजलंच नाही.

पावसाळ्याचं काय? जून ते ऑगस्ट वारा नक्की वाढतो, इथे बाबा बरोबर आहेत. पण तो झोतांनी येतो. शहरात इमारतींवर आपटून वाऱ्याची अवस्था वाकोला पुलाखालच्या ट्रॅफिकसारखी होते. सगळ्या दिशांनी, धक्के खात. पवनचक्की बिचारी तोंड फिरवण्यातच थकते. म्हणून नियम असा, की शंभर-दीडशे मीटरच्या आतल्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षाही ती निदान 10 मीटर वर हवी. आमच्या चार मजल्यांच्या आजूबाजूला टॉवर उभे राहताहेत. आणि विमानतळ एवढा जवळ, की उंचीवर आधीच निर्बंध.

इतरांना काय अनुभव आला?

इंग्लंडमध्ये 2007 ते 2009 या काळात 26 इमारतींवरच्या लहान पवनचक्क्या मोजल्या गेल्या. 'वॉरिक विंड ट्रायल्स' नावाने तो अभ्यास प्रसिद्ध आहे. बंद ठेवलेले दिवस धरून सरासरी उत्पादन आलं दिवसाला 214 वॉट-तास. पाव युनिटसुद्धा नाही! गंमत म्हणजे उंच इमारतींवरच्या चक्क्या जरा बरं काम करत होत्या, तर आवाजाने वैतागलेल्या रहिवाशांनी त्या बंद करायला लावल्या.

म्हणजे पवनऊर्जा वाईट का? मुळीच नाही. भारतातल्या पहिल्या पवनऊर्जा केंद्रांपैकी एक 1986 साली आपल्या रत्नागिरीलाच झालं. साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. पण तिथे उघडं पठार आहे आणि अडवायला कुणी नाही. वारा जिथे आहे तिथे चक्की न्यावी. चक्की आहे म्हणून वारा येत नाही.

मीटिंग

मीटिंगच्या आदल्या रात्री मी बाबांना आकडे दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्या हेच सांग. मी सेक्रेटरी आहे म्हणून गाळू नकोस काही."

मी सगळं सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या आंटींनी एकच प्रश्न विचारला, "पण मग 2005 ला लाईट गेले कशाने?" सगळे गप्प. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मीटर रूम पाण्याखाली गेली होती. आणि ती आजही तिथेच, तळमजल्यावर, जमिनीलगत आहे! गच्चीवर कितीही वीज तयार केली असती तरी ती खाली बुडालेल्या पॅनलमधूनच पंपाकडे जाणार होती.

ठराव असा झाला, की रिपेअर फंडातून आधी मीटर आणि पंपाचं पॅनल वर उचलायचं. उरलेल्या पैशात लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोलरचा विचार करायचा. मुंबईत एक किलोवॅटचं सोलर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं, आणि 2024 पासूनच्या केंद्राच्या योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदानही आहे.

ठराव बाबांनीच स्वतःच्या हाताने मिनिट्स बुकात लिहिला. घरी येताना जिन्यात म्हणाले, "वीस वर्षं मी वरच बघत होतो गं."

मित्रांनो, तुमच्याही सोसायटीत असा कागद येईल. त्यावर किलोवॅटचा आकडा मोठा असेल. आधी त्याखालचा वाऱ्याचा वेग वाचा, मग गच्चीवर जाऊन तो मोजा. आणि हो, मीटर रूम कुठे आहे, तेही एकदा बघून या!