ठासणीचे रिव्हॉल्वर आणि काडतूस : समज व गैरसमज

जुन्या घराची माळ्यावरची पेटी उघडली आणि त्यात पणजोबांचे रिव्हॉल्वर निघाले, तर मिरा-भाईंदरमधल्या कुटुंबाने काय करावे? उत्तराआधी काही गैरसमज दूर करू.

गैरसमज : रिव्हॉल्वर म्हटले की धातूचे काडतूस आलेच.
वस्तुस्थिती : सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले रिव्हॉल्वर ठासणीचे होते. चक्रीच्या प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी दारूपर्यंत जाई. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून असंतोष भडकला, तीदेखील एन्फिल्ड रायफलची, चरबी लावलेली कागदी काडतुसे होती.

गैरसमज : ठासणीच्या रिव्हॉल्वरला काडतुसावर आणणे हा गावठी कारागिरांचा उद्योग.
वस्तुस्थिती : ते मोठ्या कारखान्यांचे काम होते. चक्रीला आरपार भोके पाडून मागून काडतूस भरण्याचे पेटंट रॉलिन व्हाइटने १८५५ मध्ये मिळवले आणि त्याचे हक्क स्मिथ अँड वेसनकडे गेले. काडतूस उपलब्ध असूनही इतर अमेरिकी कारखान्यांचे हात त्यामुळे बांधलेले राहिले. १८६९ मध्ये पेटंट संपले आणि कोल्टने कोठारातले जुने सुटे भाग वापरून काडतुसाची रिव्हॉल्वर बाजारात आणली. ब्रिटिश लष्कराने तर १८६८ मध्येच आपली बोमाँट-अ‍ॅडम्स रिव्हॉल्वर काडतुसावर आणायला घेतली होती.

गैरसमज : तेव्हा जमले, मग आजही करून घ्यायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : ते लोखंड काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेले आहे. आधुनिक काडतुसाच्या दाबाने चक्री फुटून चालवणाराच जखमी होऊ शकतो. शिवाय मूळ रूप बदलले की ऐतिहासिक मोलही जाते.

गैरसमज : शंभर वर्षांपूर्वीच्या हत्याराला परवाना लागत नाही.
वस्तुस्थिती : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधली सूट नुसत्या वयावर मिळत नाही. हत्यार दुरुस्त करूनही गोळी झाडू शकणार नाही, अशी स्थिती लागते.

गैरसमज : परवाना असला की हत्यारात हवा तो बदल करता येतो.
वस्तुस्थिती : बाळगण्याचा परवाना वेगळा, बदल करण्याचा वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ६ नुसार एका प्रकारचे अग्निशस्त्र परवान्याशिवाय दुसऱ्या प्रकारात बदलणे गुन्हा आहे. त्याला किमान सात वर्षे ते जन्मठेप इतकी शिक्षा आहे.

गैरसमज : शस्त्र परवान्यासाठी ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते.
वस्तुस्थिती : २०२० मध्ये मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. तेव्हापासून इथले अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत.

म्हणून पेटीत असे हत्यार सापडले तर चाप ओढून पाहू नका, कारागिराकडे नेऊ नका, विकायलाही काढू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा आणि ते रीतसर जमा करा. ते ठेवायचे की नाही, हे त्यानंतर कायद्याच्या मार्गाने ठरवता येईल.