फाइल क्लाउडवर आहे, पण दुसरी प्रत कुठे आहे?

नवी मुंबईतल्या उलव्यात घरोघरी एक फाइल जिवापाड जपलेली असते. नव्या इमारतींत राहायला आलेल्यांच्या फाइलीत नोंदणी केलेला करारनामा, इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असतं. मूळ गावकऱ्यांच्या फाइलीत जुने सातबारे, भूसंपादनाचे निवाडे आणि सिडकोच्या साडेबारा टक्के भूखंड योजनेची वाटपपत्रं असतात. हल्ली या कागदांचे फोटो काढून क्लाउडवर ठेवले जातात. सवय चांगली आहे. तिच्याभोवतीचे काही समज मात्र महागात पडू शकतात.

‘क्लाउडवर गेलं म्हणजे कायमचं सुरक्षित झालं.’

क्लाउडवरची फाइल शेवटी कुठल्यातरी इमारतीतल्या डिस्कवरच असते. अशी डेटा सेंटर ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आहेत, पनवेलजवळही आहेत. आपली फाइल नेमकी कुठल्या शहरात किंवा देशात ठेवायची, हे मात्र बहुतेक वेळा कंपनी ठरवते. मोठ्या कंपन्या एकाच फाइलच्या अनेक प्रती राखतात, त्यामुळे एखादी डिस्क बिघडली तरी आपल्याला पत्ताही लागत नाही. घरातल्या एकुलत्या हार्ड डिस्कपेक्षा ही व्यवस्था नक्कीच भक्कम आहे.

पण प्रती एकाच जागी असतील तर काय होतं, ते २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात दिसलं. देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’ या क्लाउडवरचा ८५८ टेराबाइट डेटा नष्ट झाला. त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती.

‘फोन आणि क्लाउड, म्हणजे दोन प्रती झाल्याच की.’

माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज हाच. फोन आणि क्लाउड सिंक केलेले असतात, तेव्हा दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. फोनमध्ये जागा नाही म्हणून तुम्ही गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला, की तो क्लाउडवरूनही जातो. तो ट्रॅशमध्ये काही दिवस राहतो (गुगल ड्राइव्हवरच्या फाइली ३० दिवस) आणि मग कायमचा पुसला जातो. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरून फाइली बिघडल्या, तर त्या बिघडलेल्या फाइलीही इमानेइतबारे क्लाउडवर पोचतात. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली, रोजच्या वापराला न जोडलेली प्रत. जाणकारांचा ३-२-१ नियम त्यासाठीच आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

‘हॅकर कंपनीच फोडतात, आपण काय करणार?’

सामान्य माणसाचं खातं बहुधा त्याच्याच दारातून फुटतं. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरलेला असतो, नाहीतर फोनवर गोड बोलणाऱ्याला ओटीपी सांगितलेला असतो. २०१४ साली हॉलिवूडच्या अभिनेत्रींचे आयक्लाउडवरचे खासगी फोटो बाहेर आले, तेही मुख्यतः फसव्या ईमेलमधून पासवर्ड काढून घेऊन. दुहेरी पडताळणी चालू करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ‘लिंक असलेला कोणीही पाहू शकेल’ अशा पद्धतीने शेअर केलेल्या पॅनकार्डाच्या फाइलचं शेअरिंग काम झाल्यावर बंद करा.

‘एकदा ठेवलं की झालं.’

गुगलच्या नियमानुसार दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक खातं डेटासह काढून टाकलं जाऊ शकतं. मोफत १५ जीबी जागाही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून असते.

‘डिजिलॉकरमध्ये टाकलं की ते अस्सल.’

यात फरक नीट समजून घ्यायला हवा. संबंधित सरकारी खात्याकडून थेट डिजिलॉकरमध्ये आलेला दाखला, उदाहरणार्थ ड्रायव्हिंग लायसन्स, कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. तुम्ही स्वतः चढवलेला स्कॅन मात्र स्कॅनच राहतो. गृहकर्जासाठी बँक मूळ करारनामाच मागेल. वाटपपत्राचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी मूळ कागद लॅमिनेट न करता, कोरड्या जागी ठेवायलाच हवा.

या रविवारी दोन कामं करा: महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती दुसऱ्या घरी विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, आणि क्लाउडचं खातं कोणत्या ईमेलवर आहे, हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.